पोटफोड्या ष

१

भांडण चोरीला गेलं होतं.

घड्याळ जातं, मोबाइल जातो, देवळाबाहेरून चपला जातात. पण बावीस वर्षांपूर्वीचं, नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, कुठला चांगला यावरून पेटलेलं, दोनशे चौदा पत्रांचं भांडण कुणी कशाला पळवेल? गुलमंडीच्या आतल्या गल्लीतल्या आपल्या दुकानात बुद्धभूषण साळवे संगणकाकडे बघत बसला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेली माणसं बाहेर खोळंबली होती आणि याला मात्र घाम फुटला होता.

आता हे भांडण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आज जिथं बुद्धभूषण लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, तिथं २००१ साली त्याचाच सायबर कॅफे होता. मोडेम खरखरायचा, किंचाळायचा, मग कुठं जोडणी लागायची, आणि तेवढ्यानंही माणसं हरखून जायची. त्या काळी शहरातल्या चाळीस-पन्नास हौशी लोकांनी इंटरनेटवर एक गट काढला. नाव ठेवलं 'पार'. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांच्या इमेलच्या पेटीत जाऊन पडायचं. देवनागरी धड दिसायची नाही म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. बहुतेकांनी टोपणनावं घेतली होती. विषय कुठलाही असो, चौथ्या पत्राला गाडी रुळावरून घसरायची आणि दहाव्याला कुणीतरी कुणाची अक्कल काढायचा. त्यात भलती मजा होती, आणि विषही होतं.

पारावरची मंडळी आता व्हॉट्सॲपवर 'सुप्रभात' टाकतात. यंदा पाराची पंचविशी, म्हणून जुनी पत्रं निवडून स्मरणिका काढायचं ठरलं. बुद्धभूषणनं कॅफेतली जुनी डिस्क खटपट करून जागी केली. तिनं सगळी पत्रं दिली आणि कायमची मान टाकली. ती पत्रं एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. त्यातलं नेमकं नान खलियाचं भांडण सोमवारी होतं आणि मंगळवारी नव्हतं. कचरापेटीही रिकामी केलेली होती.

बुद्धभूषणला ते रविवारच्या आत हवं होतं. त्याच्याशी बावीस वर्षं न बोललेला त्याचा मावसभाऊ प्रणय नागपूरहून आपल्या गावी, पिशोरला, यायचा होता, आणि प्रणयच्या बहिणीनं, रूपानं, सोमवारीच फोन केला होता.

"भूषणदादा, मी लई मिनतवारी केली. तो म्हनतो, ते भांडन अख्खं दाखव. माझं नाव फोडनारा तू नव्हता हे दिसलं, तर बोलीन. नायतर आई गेली तरी तुझ्या शेजारी उभा राहनार नाय, म्हनतो."

आणि मंगळवारी भांडणच गायब. आता प्रणय काय समजेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

२

फोल्डरची किल्ली, म्हणजे एकच सामायिक पासवर्ड, पाच जणांकडं होती. एक स्वतः बुद्धभूषण. दुसरा हिमांशू, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात संगणक विभागाचा साहेब, फोल्डर त्यानंच बनवलं. तिसरा कचरू, पोस्टातून निवृत्त झालेला, पाराचा विदूषक. आणि राहिलेले दोघं नवरा-बायको. भानुमतीबाई मराठीच्या शिक्षिका होत्या, स्मरणिकेच्या संपादक. व्यंकटरावांचा गुलमंडीत छापखाना होता. आधी खिळे जुळवायचे, पुढं संगणकावर मजकूर बसवायला लागले.

पारावर मराठी कशी लिहायची याचे नियम याच जोडप्यानं घातले होते. 'ळ'ला मोठा एल, 'ण'ला मोठा एन, साध्या 'श'ला लहान एसचं sh आणि पोटफोड्या 'ष'ला मोठ्या एसचं Sh. ते नियम त्या दोघांशिवाय कुणी पाळत नसे, आणि न पाळणाऱ्याला बाई लाल शाईनं झोडपल्यासारखं झोडपायच्या.

प्रणय पारावर 'निळाई' या नावानं लिहायचा. मोठं झणझणीत लिहायचा पोरगा. व्यंकटराव 'न' आणि 'ण'वरून कुणाच्या बोलीची टर उडवू लागले की हा त्यांना असा धरायचा की सोडवायला दहा जण लागायचे. गंमत म्हणजे राहायचा तो व्यंकटरावांच्याच माडीवरच्या खोलीत, एम.ए.चा अभ्यास करत. दिवसा कॅफेत बसून त्यांची सालटी काढायची आणि संध्याकाळी बाईंच्या हातचं थालीपीठ खायचं. खोली घेताना आडनाव त्यानं सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. निळाई म्हणजे प्रणय, हे फक्त बुद्धभूषणला ठाऊक होतं.

मग नान खलियाचं भांडण झालं. खाण्यावरून सुरू होऊन ते जातीवर गेलं, आणि आदल्याच दिवशी गटात आलेल्या 'स्पष्टवक्ता' नावाच्या कुणीतरी निळाईचं खरं नाव, आडनाव, गाव सगळ्यांसमोर ठेवलं. संध्याकाळी प्रणयची ट्रंक व्यंकटरावांच्या दाराबाहेर होती. त्यानं परीक्षा सोडली, शहर सोडलं आणि दुसऱ्या दिवशी जाताना कॅफेच्या दारात उभं राहून एकच वाक्य बोलला, "तुझ्याबिगर कुनाला म्हाईत होतं, दादा?"

ते वाक्य बुद्धभूषणला अजून झोपेतून उठवतं.

हिमांशू कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. भांडणाचं नाव काढताच त्यानं ग्लास खाली ठेवला.

"गेलं ना? बरं झालं. मी त्यात काय काय लिहिलं होतं, माहितीये? आरक्षणावर, तुम्हा लोकांवर. एकवीस वर्षांचा होतो. माझी मुलगी आता कॉलेजात आहे. तिनं वाचलं असतं तर?"

"म्हणून पुसलं?"

"मी नाही पुसलं. पुसावंसं रोज वाटलं." तो मान खाली घालून म्हणाला. "आणि ज्यानं पुसलं, त्यानं ते धड पुसलेलंही नाही. विषयाच्या रकान्यात 'नान खलिया' शोधून जेवढं सापडलं तेवढंच उडवलंय. संगणकातलं फारसं न कळणाऱ्याचं काम आहे हे."

बुद्धभूषण उठता उठता परत बसला. विषयाच्या रकान्यात? पारावर विषय कधी जागेवर राहिला होता?

३

कचरूचं घर गाठेपर्यंत त्याला धीर नव्हता.

"तात्या, तुम्ही भांडणात विषय बदलायचे ना?"

"व्हय तर!" कचरूतात्या खुर्चीतून हसले. "भांडनाचा कंटाळा आला की म्या विषय बदलायचो. वर लिहायचं, 'विषयांतर', अन् खाली एखादा विनोद. लई शिव्या खाल्ल्या त्यापायी. भानुमतीबाई म्हनायच्या, कचरू, तुम्ही खालचा मजकूर पुसत नाही, आधीची सगळी पत्रं तशीच लोंबत ठेवता."

"अन् तुम्ही?"

"म्या कशाला पुसतो? पुसायचं कसं तेच म्हाईत नव्हतं!"

बुद्धभूषणनं तिथंच मोबाइल काढला आणि फोल्डरमध्ये 'विषयांतर' शोधलं. पाचशे-सहाशे पत्रं निघाली. एकाही पत्राच्या विषयात नान खलिया नव्हता, म्हणून चोराचा हात तिथवर पोचलाच नव्हता. पालकाच्या भाजीवरच्या एका भिकार विनोदाखाली, बाणांच्या खुणा लावलेल्या ओळींत, भांडणाचा सगळा शेवट शाबूत होता. स्पष्टवक्त्याचं पत्रही. ते अवघ्या दोन ओळींचं होतं.

"nilaai mhaNaje PraNay Motiram Kharat, PiShor. aata gharmaalakaane kaay te Tharavaave."

तारीख होती, वेळ होती. त्या दिवशी बुद्धभूषण पिशोरलाच होता, मावशीच्या घराचे पत्रे बसवायला, आणि तिथं तेव्हा इंटरनेट नव्हतं. रूपा साक्षीला होती. सुटलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी खुपलं.

"तात्या, हे बघा. पिशोरमध्ये हा मोठा एस कशाला?"

कचरूतात्यांनी चष्मा सारखा केला. "मोठा एस म्हंजी पोटफोड्या ष. पिशोरात कुठनं आला पोटफोड्या? हुकला असंल हात."

पण हात हुकलेला दिसत नव्हता. बाकी पत्रात प्रत्येक अक्षर नियमानं होतं, 'ण'सुद्धा. इतकं जपून लिहिणाऱ्या माणसानं गावाच्या नावात ष घातला, तर त्यानं तो कुठंतरी तसा वाचला असणार. प्रणयच्या गावाचं नाव असं चुकीचं कुठं लिहिलं होतं?

त्याच्याच खाली निळाईचं आधीचं पत्र लोंबत होतं, आणि त्या पत्राच्या तळाला एक ओळ होती. टोपी घातलेले ओ, उलटी प्रश्नचिन्हं, शेपटीवाले सी. त्या काळी पत्रांखाली असला कचरा नेहमी असायचा. बुद्धभूषणनं तो हजार वेळा बघितला होता आणि एकदाही त्याकडं लक्ष दिलं नव्हतं.

त्यानं वरची पत्रं चाळली. निळाईच्या प्रत्येक पत्राखाली तोच कचरा होता. अक्षर न् अक्षर तोच.

४

दुकानात येऊन त्यानं शटर अर्धं ओढलं. छपाईवाल्यांचे जुने फॉन्ट त्याच्या संगणकावर अजून होते, कारण गल्लीतले पत्रिकावाले अधूनमधून 'फॉन्ट उडालेली' फाइल घेऊन यायचे. त्यानं ती ओळ उचलली, कोऱ्या पानावर ठेवली आणि एकेक फॉन्ट लावून बघायला लागला. चौथ्या फॉन्टला ओळ हलली आणि मराठी झाली.

प्रणय मोतीराम खरात, मु. पो. पिषोर, ता. कन्नड.

बुद्धभूषणनं त्या 'पिषोर'वर बोट ठेवलं.

त्याला सगळं आठवलं, आठवू नये इतकं लख्ख. २००२ साल. प्रणय नुकताच शहरात आलेला, नोकरीचे अर्ज इमेलनं धाडायचे म्हणत होता. खातं बुद्धभूषणनंच उघडून दिलं. वर हौसेनं म्हणाला, थांब, तुझी सही मराठीत टाकतो, आपोआप प्रत्येक पत्राखाली येईल. छपाईच्या फॉन्टात टाइप करून त्यानं ती खात्यात डकवली. कीबोर्डवर ष आणि श शेजारच्या किल्ल्यांवर होते, त्याचा हात तिथं कायम चुकायचा. पत्रात ती सही कचऱ्यासारखी दिसली, तेव्हा दोघंही हसले. काढू नंतर, म्हणाले. मग राहून गेलं. पुढं प्रणय पारावर आला, निळाई झाला, आणि खातं तेच राहिलं.

बावीस वर्षं तो शपथा घेऊन सांगत होता की नाव मी फोडलं नाही. मावशीला सांगितलं, रूपाला सांगितलं, बुद्धविहारात उभं राहून सांगितलं. आणि नाव त्यानंच फोडलं होतं, रोजच्या रोज, सगळ्यांच्या पेटीत.

त्याला स्वतःची चीड आली, आणि चिडीपेक्षाही भीती जास्त वाटली. हे प्रणयला सांगायचं?

पण अजून एक गोष्ट उरली होती. कचरा सगळ्यांनी बघितला, वाचला एकानंच.

५

शनिवारी दुपारी तो व्यंकटरावांकडं गेला. बावीस वर्षांत या दारात तो पहिल्यांदाच आला होता. भानुमतीबाईंनी दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून त्यांनी बस म्हणण्याआधीच विचारलं, "कळलं का रे?"

व्यंकटराव खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. अठ्ठ्याहत्तरी उलटली होती, पण नजर अजून मजकुरात चुका शोधत फिरणारी.

"बाई, भांडण पुसलं त्याला विषयावरून शोधण्याखेरीज काही येत नव्हतं," बुद्धभूषण उभ्यानंच बोलू लागला. "हिमांशूनं पुसलं असतं तर काही मागं उरलं नसतं. कचरूतात्यांना पुसता येतच नाही. राहिलात तुम्ही दोघं. आणि स्पष्टवक्त्यानं निळाईच्या पत्राखालची सही वाचली होती. पिशोरमधली माझी चूक त्यानं जशीच्या तशी उतरवली, आणि ष आहे म्हणून नियमानं मोठा एस घातला. नियम पाळणारी माणसं पारावर दोनच होती. पण फॉन्ट गेलेला मजकूर नुसत्या डोळ्यांनी वाचणारं एकच. छापखान्यातलं."

मग बाई खाली बसल्या.

"मी पुसलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी स्मरणिकेसाठी वाचत होते. त्या एसवर आले आणि पुढं वाचवेना. तो आमच्या घरातला एस आहे रे. बावीस वर्षं मी समजत होते, कुणीतरी लिहिलं आणि यांनी ते वाचून पोराला बाहेर काढलं. त्यालाच मी माफ केलं नव्हतं. आणि हे तर..." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं नाही. "मला लाज वाटली. म्हणून पुसलं. तुझ्यावर आळ आहे, हेही मला ठाऊक होतं. तरी पुसलं."

व्यंकटरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती त्यांना नीट जमेना.

"तीस वर्षं उलटे खिळे वाचले, मग दहा वर्षं उडालेले फॉन्ट. डोळा आपोआप वाचतो," ते सावकाश म्हणाले. "वाचलं, आणि कळलं की ज्याला रोज थालीपीठ वाढतो तोच मला रोज हरवतोय. त्यात आडनाव वाचलं. हरल्याचा राग जास्त होता की आडनावाचा, मला विचारू नकोस. आडनावाचा होता. तोच होता. नुसतं खोली सोड म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून आधी चारचौघांत छापलं आणि मग वाचल्याचं सोंग केलं. वाचता आलं हा माझा गुन्हा नाही, बुद्धभूषण. छापलं, तो गुन्हा."

बुद्धभूषणला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडण्याचा हक्क आपल्याला किती, हे त्याला कळेना.

व्यंकटरावांनी कागद मागवला. स्पष्टवक्ता मी होतो, असं स्पष्ट अक्षरांत लिहिलं, सही केली आणि कागद त्याच्यापुढं धरला.

"हा दे त्याला. तू मोकळा होशील. ती सही कुणी टाइप केली होती, हे त्यानं विचारायचं कारण नाही. मी कुठून वाचलं, ते यात लिहिलेलं नाही."

म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. बुद्धभूषणनं कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

६

रविवारी पिशोरला मावशीच्या, मुक्ताबाईंच्या, अंगणात प्रणय बाजेवर बसला होता. केस पांढरे झाले होते, शाळामास्तराची करडी नजर आली होती. रूपानं दोघांपुढं चहा ठेवला आणि ती आत आईपाशी गेली. मुक्ताबाईंना आता ऐकू फारसं येत नव्हतं, पण दोघं आलेत एवढं कळून त्यांनी भाकरी टाकायला लावल्या होत्या.

प्रणयनं व्यंकटरावांचा कागद वाचला. परत वाचला.

"म्हंजी तू नव्हता," तो म्हणाला. "बावीस वर्षं म्या तुला..." त्यानं हात पुढं केला. बुद्धभूषणलाही हात पुढं करायचा होता. या हातासाठीच तर तो आला होता.

"एक सांग दादा," प्रणय म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला कळलं कसं?"

म्हाईत नाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. बुद्धभूषणनं हात मागं घेतला.

"माझ्यापाई," तो म्हणाला. आणि त्यानं सांगितलं. खातं, सही, फॉन्ट, शेजारची किल्ली, काढू नंतर म्हणून राहिलेलं काम. काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर त्याला वर बघवेना.

प्रणयनं मग भलतंच विचारलं.

"प्रत्येक पत्राखाली होतं?"

"व्हय."

"अख्खं नाव?"

"बापाच्या नावासकट. गावासकट."

"दोनशे तरी पत्रं लिहिली असतील म्या," प्रणय स्वतःशीच म्हणाला. "ट्रंक बाहेर काढली त्या दिवशी तो म्हातारा म्हनला, नाव लपवून भांडतोस, मर्द असतास तर नाव टाकलं असतंस. घरी आलो तर आईबी तेच म्हनली, बापाचं नाव कशापायी लपवलंस रं? तुझ्यावर चिडून दिवस काढले दादा, पन झोप त्या बोलन्यानं गेली व्हती. पोरांना वर्गात सांगतो, जे लिहायचं ते नाव टाकून लिहा, अन् माझीच जीभ अडखळती." त्यानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "अन् तू म्हनतो, नाव खाली होतं. पैल्या पत्रापासून."

"म्या चुकून टाकलं होतं, प्रणय. तुझी खोली गेली, परीक्षा गेली."

"गेली. ते तुझ्यामुळंबी गेलं. ते एवढ्यात माफ नाय व्हायचं माझ्याच्यानं, खोटं कशाला बोलू." तो उठला. "पन हे आधी आईला सांगतो."

तो आत गेला. ऐकू न येणाऱ्या आईच्या कानाशी वाकून तो इतक्या मोठ्यानं ओरडला की रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

"आई! म्या नाव लपवलं नव्हतं गं! सगळ्या पत्रांखाली होतं! प्रणय मोतीराम खरात!"

मुक्ताबाई काय म्हणाल्या ते बाहेर आलं नाही. बुद्धभूषण अंगणात एकटाच बसून राहिला, आणि निर्दोष म्हणून सुटायला आलेला तो माणूस तोंडावर रुमाल धरून ढसाढसा रडला. थोड्या वेळानं रूपानं आतून हाक मारली, जेवायला या म्हणून, आणि तो उठून हात धुवायला गेला.